झोपेसाठी सीबीडी : एआरटीच्या गोळ्या चालू असताना

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाची झोप उडाली, तर ती तक्रार बहुधा एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, देणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. प्रकृती स्थिर असेल तर आता तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. सकाळी रांगेत उभे राहायचे, वजन करायचे, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या, हिरव्या पुस्तकात नोंद झाली की कामावर पळायचे. व्हायरल लोड आटोक्यात आहे म्हटल्यावर डॉक्टरांना समाधान आणि आपल्यालाही. अशा वेळी ‘रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही’ हे सांगणे म्हणजे उगाच कुरकुर केल्यासारखे वाटते. घरी बोलायची सोय नसते. कित्येकांच्या घरात या आजाराचे नावही उच्चारलेले नसते. मग माणूस अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइलवर शोधत बसतो आणि तिथे त्याला सीबीडीच्या तेलाची छोटीशी बाटली सापडते. ती कुरिअरने घरी येते, फारसे कोणी काही विचारत नाही. कोणी विचारत नाही, हेच तिचे मोठे आकर्षण आहे. एआरटीवर असणाऱ्यांना खरा धोकाही तिथेच आहे.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. भांगेच्या झाडात शंभरावर खास रसायने सापडतात, त्यांतले हे एक. नशा आणते ते टीएचसी, ते वेगळे. शुद्ध सीबीडीने नशा चढत नाही आणि त्याचे व्यसन लागते असेही आढळलेले नाही. अमेरिकेत २०१८ साली ते औषध म्हणून मंजूर झाले, तेही लहान वयात सुरू होणाऱ्या दोन अवघड प्रकारच्या अपस्मारांसाठी. म्हणजे हे औषध खरे आहे, शरीरात त्याचा ठोस परिणाम होतो. म्हणूनच ‘वनस्पतीचेच तर आहे, घेऊन बघू’ एवढ्या सहजपणे ते घेऊ नये, असे माझे मत आहे.

बाटली उघडण्याआधी तुमची झोप का उडाली आहे, हे मात्र नक्की शोधा. एआरटीवर असणाऱ्यांच्या बाबतीत हे कारण बऱ्याचदा सापडते आणि त्यावरचा उपाय पुष्कळदा फुकटचा असतो.

गोळी किती वाजता घेता?

समुपदेशकाच्या टेबलापाशी होणारा एक संवाद बघा.

“ताई, झोपेची गोळी लिहून द्यायला सांगा ना डॉक्टरांना.”

“दादा, टीएलडी किती वाजता घेता?”

“रात्री साडेनऊला. पहिल्यापासून तीच वेळ आहे. आधीची गोळी होती तेव्हापासून.”

या उत्तरातच पुष्कळ काही आहे. ‘आधीची गोळी’ म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेन्झ यांची एकत्र गोळी. एफाव्हिरेन्झ घेतल्यावर गरगरते, डोके जड होते, विचित्र आणि अगदी खरी वाटणारी स्वप्ने पडतात. म्हणून ती झोपण्याच्या वेळी घ्यायला सांगत, म्हणजे गरगर झोपेत निघून जाई. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले आणि गोळी टीएलडी झाली. ही गोळी कितीतरी चांगली आहे. विषाणू लवकर दबतो, त्रास कमी. पण डोल्युटेग्राव्हिरचा एक माहीत असलेला दुष्परिणाम म्हणजे काहींची झोप कमी होणे. सगळ्यांना हा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांना गोळी रात्री घेतल्यावर तो अधिक जाणवू शकतो. गोळी बदलली तरी वर्षानुवर्षांची वेळ तीच राहिली, असे अनेकांचे झाले आहे.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : मी टीएलडी रात्री घेतो का, आणि ती सकाळी घेतली तर चालेल का? डोल्युटेग्राव्हिर दिवसातून एकदाच, कोणत्याही ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा जेवणानंतर घेता येते. रक्तातला त्याचा अंश निम्म्यावर यायला सुमारे १४ तास लागतात, त्यामुळे वेळ बदलण्यात विशेष अडचण येत नाही. मात्र हा बदल मनाने करू नका. बदलाच्या दिवशी दोन गोळ्यांमधले अंतर २४ तासांहून जास्त होऊ द्यायचे नसते. ‘आज रात्रीची सोडतो, परवा सकाळपासून घेतो’ असे तर मुळीच नको. ते कसे करायचे हे केंद्रातले डॉक्टर किंवा फार्मासिस्ट दोन मिनिटांत सांगतील. क्षयरोगाचे उपचार चालू असतील आणि त्यात रिफाम्पिसिन असेल, तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. तिथे हा उपाय लागू पडत नाही. नवी वेळ अशी निवडा की ती चुकणार नाही. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्याने सात वाजताची वेळ ठरवू नये. घरच्यांसमोर गोळी काढता येत नाही म्हणून रात्रीची वेळ धरली असेल, तर तेही समुपदेशकाला मोकळेपणाने सांगा, कारण मग वेगळा मार्ग काढावा लागतो.

वेळ बदलल्यावर दोन-तीन आठवडे बघा. कित्येकांचा प्रश्न इथेच सुटतो आणि बाटलीची गरजच उरत नाही.

याच ठिकाणी आणखी एक सांगून ठेवतो, कारण हल्ली हे फार दिसते. झोपेसाठी म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या घेण्याची लाट आली आहे. मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात धरून ठेवते आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. पित्तासाठी घेतल्या जाणाऱ्या, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असलेल्या पातळ औषधांचेही तेच. टीएलडी अशा गोष्टीच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची असते. रात्री टीएलडी आणि त्यावर लगेच मॅग्नेशियम, ही जोडी सीबीडीपेक्षाही जास्त नुकसान करू शकते.

झोपमोडीमागे आणखी काय असू शकते

रात्री अंग घामाने भिजत असेल, खोकला आहे, बारीक ताप येतो, वजन उतरते आहे, तर हा झोपेचा आजार समजू नका. केंद्रात प्रत्येक भेटीत क्षयरोगासाठी जी चार लक्षणे विचारतात, ती हीच. अशा माणसाला कोणत्याही तेलाने गुंगी आली, तर निदान तेवढे लांबेल. ही चूक महागात पडते.

पायांची आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखे वाटणे, ही जुन्या काळी एआरटीत स्टॅव्ह्युडिन घेतलेल्यांची नेहमीची तक्रार. रात्री सगळे शांत झाले की ती जास्त जाणवते. तिच्यावर वेगळी औषधे आहेत. जोरात घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे हे दुसरे. डोल्युटेग्राव्हिरवर काहींचे वजन वाढते, आणि मान-पोट सुटले की झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. त्यात गुंगी आणणारे काहीही घेणे बरे नव्हे. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना पाळी जाताना गरम वाफा येतात, झोप तुटते. त्यांना ‘एचआयव्हीमुळे होत असेल’ असे सांगून परत पाठवले जाते, ते चुकीचे आहे.

आणि मन. रात्र झाली की डोक्यात चक्र सुरू होते : मुलाला कधी सांगायचे, लग्नाचे काय, नोकरीच्या ठिकाणी कळले तर. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, सकाळी उठूच नये असे वाटणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.

सीबीडीने झोप येते का?

सरळ उत्तर असे की, येते असे सिद्ध झालेले नाही. ‘काहीच होत नाही’ असेही कोणी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण अभ्यास लहान आणि थोडे आहेत.

१९८१ साली ब्राझीलमध्ये निद्रानाश असलेल्या १५ जणांवर एक प्रयोग झाला. ४०, ८० आणि १६० मिलिग्रॅम अशा मात्रा देऊन पाहिल्या. १६० मिलिग्रॅमला झोप जास्त लागल्याचे लोकांनी सांगितले. जाहिरातींत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचे मूळ बरेचसे इथे आहे. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मानसोपचार दवाखान्यातील ७२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. पहिल्या महिन्यात दोन-तृतीयांश लोकांची झोप सुधारली, पुढे मात्र ती कमी-जास्त होत राहिली. या अभ्यासात तुलनेसाठी औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी कोणालाच दिलेली नव्हती. झोपेच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे. आपण औषध घेतले आहे या विश्वासानेच पुष्कळांना झोप लागते. अशी तुलना ऑस्ट्रेलियात केली गेली आणि २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले : मध्यम ते तीव्र निद्रानाश असलेल्या ३० जणांना दोन आठवडे, रोज रात्री १५० मिलिग्रॅम सीबीडी किंवा बनावट औषध. निद्रानाशाच्या तीव्रतेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सीबीडी घेणाऱ्यांना एकंदर बरे वाटल्याचे मात्र आढळले.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांवर कॅनडात एक छोटा अभ्यास झाला. त्यात होते १० जण, सगळे एआरटीवर, विषाणू दबलेला. बारा आठवडे काहींना सीबीडी, काहींना टीएचसी-सीबीडी एकत्र असलेल्या कॅप्सूल दिल्या. प्रश्न झोपेचा नव्हता. हे देणे सुरक्षित आहे का, आणि एआरटी चालू असतानाही शरीरात रेंगाळणारी सूज त्याने कमी होते का, हे पाहायचे होते. बहुतेकांना ते झेपले, विषाणूही दबलेलाच राहिला. पण दोघांना सुरक्षिततेसाठी मध्येच थांबवावे लागले. त्यातल्या एकाची यकृताची तपासणी बिघडली होती.

म्हणजे तुमच्या हातातल्या बाटलीमागे पुरावा एवढाच. यावर कोणी ‘एचआयव्हीवाल्यांसाठी खात्रीचा झोपेचा इलाज’ असे म्हणत असेल, तर तो माल खपवतो आहे.

बाटली हातात घेऊन वाचा

३० मिलिलीटरची बाटली. पुढे लिहिलेले आहे ९०० मिलिग्रॅम. भाग करा : एका मिलिलीटरमध्ये ३० मिलिग्रॅम. ड्रॉपर पूर्ण भरला तर एक मिलिलीटर, म्हणजे साधारण २० थेंब. एका थेंबात दीड मिलिग्रॅम. ‘रात्री जिभेखाली पाच थेंब’ असे सांगितले असेल तर तुमच्या पोटात साडेसात मिलिग्रॅम जातात. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १५० मिलिग्रॅमनेही निद्रानाश हटला नव्हता. तेवढी मात्रा या बाटलीतून घ्यायची तर रोज पाच मिलिलीटर लागतील आणि बाटली सहा रात्रींत संपेल. किमतीला सहाने भागून पाहा. ज्याचा महिन्याचा पगार बेताचा आहे, त्याने हा हिशेब खरेदीआधी जरूर करावा. एआरटी फुकट मिळते. ही बाटली मिळत नाही.

आता ते ९०० मिलिग्रॅम कशाचे, तेही पाहा. भारतात ही तेले बहुतेक आयुर्वेदिक परवान्याखाली विकली जातात आणि लेबलवर ‘विजया पत्र अर्क’ असे काहीसे असते. विजया म्हणजे भांग. ९०० मिलिग्रॅम अर्क आणि ९०० मिलिग्रॅम सीबीडी ही एकच गोष्ट नव्हे. अर्कात सीबीडी किती, टीएचसी किती, हे वेगवेगळे लिहिलेले नसेल तर तुम्ही काय घेता आहात ते तुम्हालाही कळणार नाही, आणि विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. बॅच क्रमांकासकट प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागा. अहवालावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळतो का ते बघा. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांवर लिहिलेले प्रमाण बरोबर निघाले, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. टीएचसीने सुरुवातीला गुंगी येते, पण सकाळी सुस्ती, धडधड, काहींना भीती आणि संशय. ट्रक, रिक्षा किंवा एसटी चालवणाऱ्याने, यंत्रावर काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

एक घोटाळा फार होतो. दुकानात ‘हेम्प सीड ऑइल’ मिळते. ते बियांचे तेल. २०२१ पासून अन्नपदार्थ म्हणून त्याला भारतात मान्यता आहे. उत्तराखंड-हिमाचलात भांगेच्या बियांची चटणी पूर्वापार खातात, त्यातलाच हा प्रकार. त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच. झोपेच्या आशेने ते विकत घेणे म्हणजे महागडे खाद्यतेल घेणे.

यकृत आणि बाकीची औषधे

एआरटीवर असणाऱ्यांसाठी सगळ्यात काळजीची जागा यकृत आहे. अमेरिकेत निरोगी माणसांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, अशी मात्रा २८ दिवस दिली. शंभरात सुमारे पाच जणांच्या यकृतातील एन्झाइम सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेले. त्रास काही जाणवत नव्हता. रक्त तपासले म्हणून कळले. ही निरोगी माणसे होती. आपल्याकडे एआरटीवरच्या माणसाला जोडीला हिपॅटायटिस बी किंवा सी असू शकतो, दारू असू शकते, क्षयरोगाची किंवा तो टाळण्यासाठी दिलेली आयसोनियाझिडची गोळी चालू असू शकते. हे सगळे एकाच यकृतावर येते. आयसोनियाझिड किंवा क्षयाचे इतर उपचार चालू असतील तर ते संपेपर्यंत सीबीडीच्या वाटेला जाऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन.

दुसरे, औषधांचे एकमेकांशी वागणे. टीएलडीचा जोर सीबीडीमुळे कमी होईल अशी भीती आजच्या माहितीनुसार वाटत नाही. दुसऱ्या फळीच्या औषधांचे तसे नाही. ॲटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर, डारुनाव्हिर यांच्या जोडीला रिटोनाव्हिर असते आणि ते यकृतातले औषधे मोडणारे एन्झाइमच दाबून ठेवते. सीबीडीही त्याच एन्झाइमने मोडते. त्यामुळे थोडी मात्रा घेतली तरी ती रक्तात जास्त चढते, जास्त वेळ राहते. सोबत टीएचसी असेल तर त्याचेही तेच. परदेशात राहणाऱ्या वाचकांपैकी काहींच्या गोळीत कोबिसिस्टॅट असते, त्यांनाही हे लागू आहे. रिफाम्पिसिनचे उलट : ते सीबीडी इतक्या भराभर मोडते की बाटली रिकामी होते आणि पदरात काही पडत नाही.

पायांच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलिन, नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम, फिट्ससाठी क्लोबाझम किंवा व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक थेंबही घेऊ नये. यांपैकी काहींचे रक्तातले प्रमाण सीबीडीने वाढते, आणि व्हॅलप्रोएटसोबत यकृत बिघडण्याचा धोका बराच जास्त आहे. लिव्हरपूल विद्यापीठाने एचआयव्हीच्या औषधांसाठी एक फुकट तपासणी-साधन उपलब्ध केलेले आहे. डॉक्टर तिथे तुमच्या सगळ्या औषधांची नावे घालून पाहू शकतात.

गरोदर असाल, दिवस राहण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर सीबीडी नको. यात ‘थोडेसे’ असे काही नाही.

कायदा

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा येतात. गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे या फटीतून परवाना घेऊन विकली जातात. परंतु आयुर्वेदाच्या औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो. म्हणून ओळखीच्या माणसाने बिनलेबलच्या बाटलीत दिलेले तेल घेऊ नका. चिठ्ठी, बिल आणि परवाना क्रमांक असलेले लेबल, तिन्ही जपून ठेवा. दुबई किंवा सिंगापूरला नोकरीसाठी जाणाऱ्यांनी ही बाटली सामानात अजिबात ठेवू नये. तिथे सीबीडी बेकायदा आहे आणि भारतातली चिठ्ठी तिथे तुम्हाला वाचवणार नाही.

एका खोलीत झोप परत आणणे

जुनाट निद्रानाशावर जगभर पहिला उपाय मानतात तो औषधाविना आहे : झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याची काही आठवड्यांची पद्धत. तिचा गाभा घरीही वापरता येतो. उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. वीसेक मिनिटे तळमळलात की उठा आणि मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करा, डोळे जड झाले की परत या. पुस्तकांत ‘दुसऱ्या खोलीत जा’ लिहिलेले असते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपलेली असताना दुसरी खोली आणायची कुठून? तेव्हा चाळीच्या गॅलरीत, उंबऱ्यावर, मोरीपाशी स्टूल टाकून, निदान अंथरुणावर उठून भिंतीला टेकून बसा. मोबाइल मात्र नको. दुपारची डुलकी हवी असेल तर तीनच्या आत, अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. शिवाय गोळी चुकण्याचे ते सर्वांत मोठे निमित्त आहे. पहिल्या आठवड्यात जास्त थकवा येईल, त्याला घाबरू नका. अपस्मार किंवा मूड फार वर-खाली होण्याचा आजार असेल तर झोपेचे तास स्वतःहून कमी करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने करा.

एवढे करूनही घ्यायचेच असेल तर

मग लपवून घेऊ नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे; कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कोणालाही सांगण्याची मुभा डॉक्टर-कर्मचाऱ्यांना नाही. चिठ्ठी देणाऱ्या वैद्यांना एआरटीबद्दल सांगा आणि एआरटी केंद्रात या तेलाबद्दल सांगा. तोंडाने सांगणे जड जात असेल तर बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवा. रागावतील, अशी भीती असते. रागावलेच तर समुपदेशकाकडे जा, पण सांगितल्याशिवाय राहू नका. उद्या यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले निघाले आणि तेलाचा पत्ता कोणाला नसला, तर संशय एआरटीवर जाईल आणि तुमची चांगली चाललेली गोळी बदलली जाईल.

सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करून घ्या, एक महिन्याने पुन्हा करा. कमीत कमी मात्रेने सुरुवात करा आणि मात्रा आठवड्याच्या आत वाढवू नका. वेळ आणि जेवण सारखे ठेवा. तेलकट-तुपकट जेवणानंतर सीबीडी उपाशीपोटीच्या चार-पाच पट शोषले जाते, त्यामुळे एका रात्री भाकरीवर आणि दुसऱ्या रात्री पुरणपोळीवर घेतलेले तेच थेंब सारखे नसतात. वहीत रोज चार गोष्टी लिहा : अंथरुणावर कधी गेलो, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलो, एआरटी किती वाजता घेतली. जुलाब, भूक मंदावणे, दिवसा पेंग येणे हे दुष्परिणाम नेहमीचे आहेत, तेही लिहा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उजव्या बरगडीखाली दुखले, सारख्या उलट्या झाल्या तर तेल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. एआरटी मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय थांबवायची नाही.

चार आठवड्यांनी वही उघडून पाहा. सुरू करण्याआधीच्या आठवड्याच्या नोंदींशी ताडून झोप लागण्याची वेळ किंवा जागे होण्याची संख्या स्पष्ट कमी झालेली दिसत नसेल, तर दुसरी बाटली मागवू नका. मात्रा वाढवून पाहण्याचा मोह होईल, विकणाराही तेच सांगेल. यकृताचा धोका मात्रेबरोबर वाढतो. तीच वही घेऊन केंद्रात जा आणि मानसोपचार विभागाची किंवा झोपेच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या.